कार्यानुभव पाठ : घरच्या घरी सिमेंटची कुंडी



सिमेंटची कुंडी बनवायला फार काही लागत नाही. दोन डबे, थोडं सिमेंट, थोडी वाळू आणि पाणी. तरीही घरी बनवलेल्या बऱ्याच कुंड्या महिन्याभरात तडकतात, किंवा त्यांच्या काठाची वाळू झडू लागते. असं का होतं, ते मी स्वतः चूक करून शिकलो. म्हणून आधी ती चूक सांगतो आणि मग कृतीकडे वळू.

काही वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गाकडून मी अशा कुंड्या करून घेतल्या. शनिवारची सकाळची शाळा होती. माल डब्यात सहज ओतता यावा म्हणून मी मुलांना तो पातळ कालवायला सांगितला, अगदी धिरड्याच्या पिठासारखा. ओतून झाल्यावर सगळे डबे मैदानाच्या कडेला उन्हात मांडले. "लवकर वाळतील," असं मीच म्हणालो. सोमवारी साचे काढले, तर निम्म्याहून जास्त कुंड्यांना तडे गेलेले. काठ बोटाने खरवडला तरी भुगा पडत होता. मुलांचे चेहरे उतरले. मी दोष सिमेंटला दिला.

वर्गात फारसं न बोलणारा एक मुलगा तेव्हा म्हणाला, "सर, पाणी कुणी मारलं?"

मी म्हणालो, "अरे, पाणी तर मालात घातलं होतं की."

"तसं नाही सर. कालवताना कमी घालायचं आणि नंतर भरपूर मारायचं. माझे वडील स्लॅबवर मालाचे बांध घालून वाफे करतात आणि त्यात पाणी भरून ठेवतात."

त्याचे वडील गवंडीकाम करतात. मी विज्ञान शिकवतो, पण त्या दिवशी उत्तर त्याच्याकडे होतं. आजचा सगळा पाठ त्याच्या त्या एका वाक्यावर उभा आहे : कालवताना पाणी कमी, नंतर पाणी भरपूर.

सिमेंट वाळत नाही, ते पाणी पितं

आपण सहज म्हणतो, "सिमेंट वाळलं." चिखल वाळतो, कपडे वाळतात. त्यांच्यातलं पाणी उडून जातं, बाकी काही बदलत नाही. वाळलेल्या चिखलावर पाणी घाला, तो पुन्हा चिखल होतो. घट्ट झालेल्या सिमेंटवर कितीही पाणी घाला, ते पुन्हा पातळ होत नाही. म्हणजे इथे नुसतं वाळणं नाही, रासायनिक बदल आहे.

चुनखडी आणि चिकणमाती यांचं मिश्रण भट्टीत सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. त्यातून जे खडे मिळतात ते थोड्या जिप्समबरोबर दळले की सिमेंट तयार होतं. त्यातला मुख्य भाग कॅल्शियमच्या सिलिकेटांचा असतो. पाणी मिळालं की या सिलिकेटांची पाण्याशी अभिक्रिया होते आणि अतिशय सूक्ष्म तंतूंसारखे, पापुद्र्यांसारखे नवे पदार्थ तयार होतात. ते एकमेकांत गुंततात आणि वाळूचे कण पकडून ठेवतात. ही क्रिया होताना उष्णताही बाहेर पडते. मोठ्या घमेल्यात माल काही तास राहिला तर तो कोमट लागतो, तो यामुळेच.

ही अभिक्रिया पहिल्या दिवशी संपत नाही. ती कित्येक दिवस चालू राहते, आणि तेवढे दिवस तिला पाणी लागतं. उन्हात ठेवलेल्या कुंडीतलं पाणी उडून गेलं की अभिक्रिया मध्येच थांबते. कुंडी वरून कडक दिसते, पण आतून कच्ची राहते. आमच्या कुंड्यांचं नेमकं हेच झालं.

मग सुरुवातीलाच जास्त पाणी घातलं तर? तेही चुकीचंच. सिमेंटला अभिक्रियेसाठी स्वतःच्या वजनाच्या साधारण पाव पट पाणी पुरतं. माल नीट कालवता आणि दाबता यावा म्हणून आपण निम्म्यापर्यंत घालतो. त्याहून जास्त पाणी घातलं तर ते कणांच्या मध्ये जागा अडवून बसतं, पुढे उडून जातं आणि मागे बारीक बारीक पोकळ्या राहतात. अशी कुंडी ठिसूळ होते, आणि वाळताना जास्त आकसते म्हणून तडकते. आम्ही दोन्ही चुका एकाच दिवशी केल्या होत्या. आत पाणी जास्त आणि बाहेरून अजिबात नाही!

कुंडीने इमारतींना काय दिलं?

तुमची कुंडी तडकली तर वाईट वाटून घेऊ नका. फ्रान्समध्ये जोसेफ मोनिए नावाचा एक माळी होता. झाडं लावायच्या मोठ्या कुंड्या आणि टाक्या तो बनवत असे. लाकडाच्या कुजत, आणि नुसत्या सिमेंटच्या कुंड्या फुटत. त्याने सिमेंटमध्ये लोखंडी जाळी बसवून पाहिली आणि १८६७ साली त्याचं पेटंट घेतलं. नुसतं सिमेंट दाब चांगला सोसतं, पण ताण पडला की तडकतं. लोखंड ताण सोसतं. दोघांनी कामं वाटून घेतली. पुढे मोनिएने नळ, टाक्या आणि पूल यांसाठीही पेटंटं घेतली. १८७५ साली फ्रान्समधल्या शाझले इथे त्याच्या पद्धतीने सुमारे १४ मीटर लांबीचा एक छोटा पूल बांधला गेला.

ही कल्पना सुचलेला तो एकटाच नव्हता. त्याच्याच देशातल्या लाम्बो याने जाळी आणि सिमेंटची होडी करून १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात मांडली होती. पण आज आपण ज्याला आरसीसी म्हणतो, त्याच्या इतिहासात एका माळ्याच्या कुंडीला मानाचं स्थान आहे, हे लक्षात ठेवा.

साहित्य

१. सिमेंट : सुमारे दीड किलो. दुकानात सुटं मिळतं. गोळे झालेलं घेऊ नका. त्याने हवेतली ओल आधीच शोषलेली असते.
२. वाळू : धुतलेली, चाळलेली. क्रश सँड म्हणजे दगड दळून केलेली वाळू उत्तम. नदीपात्रातून स्वतः वाळू उपसू नका. समुद्राची वाळूही नको, तिच्यात मीठ असतं.
३. बाहेरचा साचा : २० सेंटिमीटर रुंद आणि तेवढाच उंच प्लास्टिकचा डबा किंवा छोटी बादली.
४. आतला साचा : १५ सेंटिमीटर रुंदीचा डबा. तो खाली थोडा निमुळता असावा, नाहीतर निघता निघत नाही.
५. पीव्हीसी पाइपचा अडीच सेंटिमीटर लांबीचा तुकडा, तळाच्या भोकासाठी.
६. वापरलेलं खाद्यतेल, जुना ब्रश, घमेलं, थापी, एक काठी, गोणपाट.
७. रबरी हातमोजे, नाकावर रुमाल किंवा मास्क, आणि डोळ्यांना चष्मा.

वाळू स्वच्छ आहे का, ते असं पाहा. काचेच्या बाटलीत निम्मी वाळू आणि वर पाणी घाला, चिमूटभर मीठ टाका, जोरात हलवा आणि दोन-तीन तास ठेवा. खाली वाळू बसेल आणि तिच्यावर गाळाचा थर. हा थर वाळूच्या थराच्या बाराव्या भागाहून जाड असेल तर वाळू पुन्हा धुवा. मातीचे कण सिमेंटला वाळूपर्यंत पोचू देत नाहीत.

हिशोब : हा गणिताचाच तास समजा

सिमेंट दीड किलो का? साचे सरळ नळकांड्यासारखे आहेत असं मानू.

बाहेरचं घनफळ : ३.१४ × १० × १० × २० = ६२८० घन सेंटिमीटर.
आतलं घनफळ (तळ अडीच सेंटिमीटर जाड सोडून) : ३.१४ × ७.५ × ७.५ × १७.५ = सुमारे ३०९० घन सेंटिमीटर.
फरक : सुमारे ३१९० घन सेंटिमीटर, म्हणजे ३.२ लिटर माल.

आता एक गंमत. कोरडं सिमेंट आणि वाळू यांत हवा भरपूर असते. पाणी घालून कालवलं की ती निघून जाते आणि माल बसतो. म्हणून कोरडं साहित्य साधारण १.३ पट घ्यावं लागतं, म्हणजे सव्वाचार लिटरच्या आसपास. एक भाग सिमेंट आणि तीन भाग वाळू या प्रमाणात सिमेंट साधारण एक लिटर आणि वाळू तीन लिटरला थोडी जास्त. एक लिटर कोरडं सिमेंट जवळपास १.४ किलो भरतं. झालं की नाही दीड किलो? पाणी त्याच्या निम्मं, म्हणजे जास्तीत जास्त पाऊण लिटर. वाळू ओली असेल तर त्याहूनही कमी.

रिकामी कुंडी साडेसहा-सात किलोची होईल. गॅलरीच्या कठड्यावर ती कधीही ठेवू नका.

आधी हात सांभाळा

इथे मला अजून एक कबुली द्यायची आहे. त्या शनिवारी मी मुलांना हातमोजे दिले नव्हते. एका मुलीने तासभर उघड्या हातांनी माल कालवला. तेव्हा तिला काहीच जाणवलं नाही. रात्री बोटांची आग होऊ लागली आणि दोन दिवसांत कातडी निघाली. तिची आई शाळेत आली तेव्हा माझ्याकडे द्यायला उत्तर नव्हतं.

ओलं सिमेंट तीव्र अल्कधर्मी असतं. त्याचा सामू १२ ते १३ च्या घरात असतो. ते त्वचा हळूहळू भाजतं, आणि लगेच दुखत नाही म्हणूनच जास्त फसवतं. म्हणून :

- हातमोजे घातल्याशिवाय मालाला हात लावायचा नाही.
- कोरडं सिमेंट वाऱ्यात ओतायचं नाही. धूळ नाकात आणि डोळ्यांत जाते.
- अंगाला माल लागला तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यात गेला तर वाहत्या पाण्याने सलग धुवत राहा आणि डॉक्टरांकडे जा.
- उरलेला माल बेसिनमध्ये किंवा मोरीत धुऊ नका. तो पाइपमध्ये घट्ट होऊन बसेल. वर्तमानपत्रावर काढून कडक होऊ द्या आणि मग टाका.
- मोठ्या माणसाशिवाय हे काम करायचं नाही.

कृती

१. बाहेरच्या डब्याला आतून आणि आतल्या डब्याला बाहेरून तेलाचा पातळ हात फिरवा. पाइपच्या तुकड्यालाही तेल लावा.

२. घमेल्यात सिमेंट आणि वाळू कोरडीच एकत्र करा. रंग सगळीकडे सारखा दिसला पाहिजे.

३. मध्ये आळं करा आणि पाणी थोडं थोडं घालत थापीने कालवा. सगळं पाणी एकदम ओतू नका. माल झाला की नाही, याची खूण त्या मुलाच्या वडिलांनी सांगितली. हातमोजा घालून मूठभर माल दाबायचा. लाडू वळला पाहिजे, पण बोटांतून पाणी गळता कामा नये. माझ्या धिरड्याच्या पिठापेक्षा हे किती वेगळं, पाहा!

४. बाहेरच्या डब्यात मध्यभागी पाइपचा तुकडा उभा ठेवा. त्याच्याभोवती अडीच सेंटिमीटर उंचीपर्यंत माल भरा आणि काठीने ठासा. हे भोक विसरू नका. पाणी निघालं नाही तर मुळं कुजतात.

५. पाइपवर आतला डबा बरोबर मध्ये ठेवा आणि तो हलू नये म्हणून त्यात वाळू भरा. दोन्ही डब्यांमधलं अंतर सगळीकडे सारखं आहे ना, ते बघा. भिंत एका बाजूला पातळ झाली तर तडा तिथूनच जातो.

६. मधल्या जागेत माल थोडा थोडा भरत काठीने ठासत जा. बाहेरून डब्यावर हलके ठोके द्या. हवेचे बुडबुडे वर येतील.

७. काठ थापीने सारखा करा. वर ओलं गोणपाट टाका आणि डबा सावलीत ठेवा. माल कालवल्यापासून अर्ध्या तासाच्या आत हे सगळं उरका. घट्ट होऊ लागलेल्या मालात पुन्हा पाणी घालून कालवू नका, त्याची पकड गेलेली असते.

८. सुमारे २४ तासांनी आतला डबा हलकेच फिरवून काढा. थंडीत आणखी अर्धा दिवस थांबा. बाहेरचा डबा त्याच्या दुसऱ्या दिवशी काढा. घाईत काठ तुटतो, हे लक्षात ठेवा.

मोठी कुंडी करायची असेल तर भिंतीच्या मध्यावर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशी तारेची जाळी घाला. हीच मोनिएची युक्ती. जाळी बाहेर डोकावली तर गंजेल, म्हणून ती मालात पूर्ण बुडालेली हवी. छोट्या कुंडीला जाळीची गरज नाही.

आता पाणी मारा

खरं काम इथून पुढे आहे. बांधकामाच्या भारतीय मानकात साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस आणि राख मिसळलेल्या सिमेंटला, म्हणजे पीपीसीला, किमान १० दिवस ओलं ठेवायला सांगितलं आहे. दुकानात आपल्याला बहुधा पीपीसीच मिळतं, पिशवीवर लिहिलेलं असतं. आपण १० दिवस धरू.

सगळ्यात सोपं म्हणजे कुंडी पाण्याच्या टबात बुडवून ठेवा. टब नसेल तर ओलं गोणपाट गुंडाळा आणि ते वाळू देऊ नका. सुट्टीच्या दिवशीही नाही! आमची पहिली खेप रविवारीच बिघडली.

हळद सांगेल, झाड कधी लावायचं

सिमेंट घट्ट होताना चुनाही सुटतो, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. तो पाण्याबरोबर झिरपत राहतो. नव्या कुंडीत लगेच रोप लावलं तर माती अल्कधर्मी होते. मग मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

चुना किती सुटतोय हे घरीच पाहता येतं. हळद पाण्यात कालवून पांढऱ्या कागदाच्या पट्ट्यांना लावा आणि वाळवा. कुंडी टबात आणि पट्ट्या तुमच्या हातात. रोज टबातल्या पाण्याचा एक थेंब पट्टीवर टाका. पहिल्या दिवशी पट्टी लालसर होईल. अल्कधर्मी पदार्थ हळदीला लाल करतात. पूर्वी घरोघरी हळद आणि चुन्यापासून कुंकू करत, तेही याच गुणामुळे. टबातलं पाणी दर एक-दोन दिवसांनी बदला. लाली हळूहळू फिकी होत जाईल. ती अगदी नाहीशी झाली नाही तरी चालेल, पहिल्या पट्टीपेक्षा बरीच फिकी झाली की पुरे. टबातलं पाणी झाडांना घालू नका.

कुंडी बाहेर काढून वाळवली की तिच्यावर पांढरी भुकटी दिसेल. भिंतीला लोणा लागतो तशी. घाबरू नका. झिरपलेल्या चुन्याची हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी अभिक्रिया होऊन कॅल्शियम कार्बोनेट तयार झालेलं असतं. चुन्याच्या निवळीत फुंकर मारली की ती दुधाळ होते, हा प्रयोग तुम्ही केला आहे. ही तीच अभिक्रिया, फक्त कुंडीच्या अंगावर घडलेली. ब्रशने घासून टाका.

पहिल्या वर्षी कोरफड, निवडुंग किंवा पानफुटी लावा. अनंतासारखी आम्लधर्मी माती आवडणारी झाडं या कुंडीत नकोत. अंगणातल्या सिमेंटच्या वृंदावनात तुळस वर्षानुवर्षं जगते, मग कुंडीत का नाही, असं तुम्ही विचाराल. वृंदावनात माती पुष्कळ असते आणि कित्येक पावसाळ्यांनी चुना धुऊन नेलेला असतो. तुमच्या कुंडीलाही एक पावसाळा द्या, मग तुळस लावा.

किती कुंड्या कराव्यात?

लागतील तेवढ्याच. सिमेंट बनवताना चुनखडी भाजावी लागते, त्यातून आणि भट्टीच्या इंधनातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. जगभरात माणूस जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, त्यातला ७ ते ८ टक्के सिमेंट उद्योगातून येतो. शिवाय कुंभाराची मातीची कुंडी हलकी असते आणि तिच्या भिंतीतून पाणी झिरपून माती थंड राहते. सिमेंटची कुंडी जिथे वाऱ्याने कलंडायला नको, जिथे वर्षानुवर्षं टिकायला हवी, तिथे उपयोगी. फुटली तरी फेकू नका. तिच्या खापऱ्या दुसऱ्या कुंडीच्या भोकावर ठेवायला कामी येतात.

करून पाहा, लिहून ठेवा

१. एकाच मालाच्या दोन छोट्या वाट्या करा. एक १० दिवस पाण्यात ठेवा, दुसरी उन्हात. अकराव्या दिवशी दोन्हींवर खिळ्याने रेघ ओढा. फरक वहीत लिहा.
२. हळदीच्या पट्ट्या तारीख घालून वहीत क्रमाने चिकटवा.
३. ५० किलोच्या एका पोत्यात आपल्या मापाच्या किती कुंड्या होतील? हिशोब मांडा.
४. "सिमेंट वाळलं" हे वाक्य विज्ञानाच्या दृष्टीने का चुकीचं आहे? चार-पाच ओळींत लिहा.
५. तुमच्या गल्लीत बांधकाम चालू असेल तर तिथल्या गवंडीकाकांना विचारा, "माल पातळ झाला तर तुम्ही काय करता?" त्यांचं उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून आणा.

पाचवा प्रश्न सोडू नका. आमच्या फसलेल्या शनिवारनंतर मी त्या मुलाच्या वडिलांना शाळेत बोलावलं. कामावर जायच्या आधी सकाळी साडेसातला ते आले आणि पाऊण तास त्यांनी वर्गाला माल कालवायला शिकवलं. मुलगा त्यांच्या शेजारी घमेलं धरून उभा होता. नंतर रोज दुपारच्या सुट्टीत कुंड्यांना पाणी मारायचं काम त्यानेच मागून घेतलं, आणि दहा दिवसांत एकदाही चुकवलं नाही. त्या खेपेच्या कुंड्या अजून शाळेच्या फाटकाजवळ आहेत. एकीचा काठ थोडा उडाला आहे. तो मी शिकताना उडवलेला.

चला तर मग, डबे शोधायला लागा. आणि हातमोजे आधी!